हेडसेट लावून झोप येईल का?

वाचकाचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : वय २४, मूळ गाव लातूर जिल्ह्यात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दोन वर्षांपासून पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी ही वाचक लिहिते की, रात्री अकराला अभ्यासिकेतून खोलीवर आल्यावर ती लगेच अंथरुणावर पडते, पण पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी नऊ-सव्वानऊला जाग येते आणि दुपारी जेवणानंतर अभ्यासिकेतच टेबलावर डोके टेकून तास-दीड तास झोप होते. दिवाळीत गावी गेल्यावर मात्र दोन-तीन दिवसांत झोप ताळ्यावर येते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मावसभावाने आपला जुना व्हर्च्युअल रिॲलिटी (व्हीआर) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी दृश्ये दाखवणारे यंत्र, तिला दिला आहे. त्यातला समुद्रकिनाऱ्यावर बसून संथ श्वास घेण्याचा कार्यक्रम केला की बरे वाटते, पण झोपेची वेळ फारशी बदललेली नाही. आता एका केंद्राने ‘व्हीआर स्लीप थेरपी’चे दहा बैठकांचे पॅकेज सुचवले आहे. त्याची फी खोलीभाडे आणि मेस यांच्या दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. वडील शेतकरी आहेत; मागितले तर ते पैसे देतील, पण मागायला जीभ रेटत नाही. खोलीतली मैत्रीण म्हणते, त्यापेक्षा झोपेची गोळी घे. रोज आठ तास झोप मिळाली नाही तर पूर्वपरीक्षा हातची जाईल, ही धास्ती वेगळीच. अशा वेळी पैसे खर्च करून ही थेरपी घ्यावी का, असा तिचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रातले आकडे मी आधी कागदावर मांडून पाहिले. पहाटे तीन ते सकाळी नऊ-सव्वानऊ ही सहा तासांची झोप झाली, आणि दुपारची टेबलावरची झोप तिच्यात धरली तर दिवसभरात तुमची झोप सात-साडेसात तासांच्या घरात जाते. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली १८ ते २५ या वयोगटासाठी ७ ते ९ तासांची शिफारस केली होती, म्हणजे तुम्ही त्या मर्यादेच्या आतच आहात. यामुळे तुमचा त्रास खोटा ठरत नाही, कारण रोज चार-चार तास अंधारात कूस बदलत पडून राहणे ही शिक्षाच आहे. परंतु ‘मला झोप मिळत नाही’ असे जे तुम्ही गृहीत धरले आहे, ते पत्रातल्या माहितीशी जुळत नाही. झोप मिळते आहे. ती चुकीच्या वेळी आणि तुकड्यांत मिळते आहे, आणि ती येण्याआधीचे चार तास तुम्ही अंथरुणात घालवता आहात. म्हणून झोप कशी आणावी हे विचारण्याआधी ती तीनलाच का येते, हे पाहिले पाहिजे.

त्याचे एक कारण वयात आहे. जर्मन संशोधक टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मोठ्या लोकसमूहाच्या झोपेच्या वेळा अभ्यासून दाखवले की, किशोरवयापासून शरीराचे घड्याळ पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असते आणि मग हळूहळू मागे येऊ लागते. चोविसाव्या वर्षी तुमचे शरीर साडेबारा-एकपर्यंत झोपेला तयार नसेल तर त्यात आजार असा काही नाही. अकराला पडायचे हा नियम तुम्ही अभ्यासिकेच्या वेळापत्रकावरून घेतला आहे. शरीराने तो मान्य केल्याचे दिसत नाही.

दुसरे आणि माझ्या मते अधिक वजनाचे कारण तुमच्याच एका ओळीत आहे : गावी गेल्यावर झोप ताळ्यावर येते. रुळलेल्या निद्रानाशात हे वारंवार दिसते. माणूस आपली रोजची जागा सोडून दुसरीकडे गेला, की तिथे त्याला बरी झोप लागते, कारण रोजच्या जागेने त्याला जागे राहायला शिकवलेले असते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ साली याच निरीक्षणावर उपचाराची एक पद्धत उभी केली, आणि ती आजही टिकून आहे. अंथरुणावर आपण वाचतो, जेवतो, फोनवर बोलतो, काळजी करतो, आणि मग तेच अंथरूण दिसले की मन सावध होते. कॉट बेसिसवर राहणाऱ्याची पंचाईत अशी की, भाडे भरून मिळालेली सगळी जागा म्हणजे ती एक कॉट. तिच्यावरच चालू घडामोडींच्या नोट्स, तिच्यावरच मेसचा डबा, तिच्यावरच घरचा फोन, आणि रात्री तिच्यावरच झोप. अर्थात गावी आणखीही काही बदलत असेल : घरातली हालचाल लवकर सुरू होते, सकाळी उन्हात जाणे होते, दुपारी टेबलावर झोपणे होत नाही. या सगळ्यातले नेमके काय कामाला येते, हे पुण्यातच करून पाहता येईल. त्याकडे पुढे येते.

आता हेडसेटविषयी. व्हर्च्युअल रिॲलिटीच्या उपचारांना मी थोतांड म्हणणार नाही, कारण त्यांच्यामागे तीन दशकांचे काम आहे. १९९५ साली बार्बरा रोथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आभासी पूल आणि काचेच्या लिफ्टमधून नेऊन ती भीती कमी करून दाखवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, आठ आठवड्यांचा एक व्हीआर कार्यक्रम घरी वापरण्यासाठी मंजूर केला. तो जुनाट कंबरदुखीसाठी होता, आणि त्यातही पोटातून संथ श्वास घेणे आणि लक्ष स्थिर करणे यांवरच भर होता. झोपेच्या बाबतीत कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेतल्या संशोधकांनी निद्रानाशाची लक्षणे असलेल्या आणि नसलेल्या किशोरवयीन मुलांना झोपण्यापूर्वी थोडा वेळ हेडसेट लावून संथ श्वसन करायला दिले, तेव्हा त्यांच्या हृदयाची गती मंदावलेली दिसली. तुम्हाला जे ‘बरे वाटते’ ते याच जातीचे आहे आणि ते खरे आहे.

मात्र अशा प्रयोगांचा आवाका लहान असतो. सहभागी थोडे, रात्री मोजक्या, आणि हेडसेट कोणाला लावला हे कोणापासून लपवता येत नाही. त्यामुळे नव्या यंत्राच्या अपेक्षेने किती फरक पडला आणि यंत्राने किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. शिवाय झोपण्यापूर्वी शरीर सैल होणे आणि अनेक महिन्यांचा निद्रानाश मोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझा मुख्य आक्षेप तर याहून साधा आहे. व्हीआरची खरी ताकद माणसाला जिथे जाता येत नाही तिथे नेण्यात आहे : उंच गच्ची, गर्दीचे स्टेशन, विमान. तुम्हाला ज्या जागेची धास्ती बसली आहे ती तुमची कॉट आहे, आणि तिच्यावर तुम्हाला हेडसेट काढून, डोळे मिटून, काहीही न करता पडायचे आहे. समुद्रकिनारा कितीही सुंदर असला तरी तिथून परत त्याच कॉटवर यावे लागते, आणि ती तर तिथेच आहे.

ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन हे मनोविकारांवरच्या व्हीआर उपचारांतले आघाडीचे संशोधक. २०१८ साली उंचीच्या भीतीवरचा त्यांचा स्वयंचलित व्हीआर उपचार गाजला. पण त्याच फ्रीमन यांनी विद्यार्थ्यांच्या निद्रानाशावर मोठी चाचणी केली (ती २०१७ साली प्रसिद्ध झाली) तेव्हा त्यांनी हेडसेट हातात घेतला नाही. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्यांना त्यांनी निद्रानाशासाठीची बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धती, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारी, डॉक्टर जिला सीबीटी-आय म्हणतात ती, साध्या ऑनलाइन सत्रांतून दिली. त्या गटाचा निद्रानाश कमी झाला आणि मनातले संशयी विचारही कमी झाले. बहुतेकांनी सहाही सत्रे पूर्ण केली नव्हती, हेही सांगायला हवे, कारण ही पद्धत कंटाळवाणी आहे आणि तिच्यात बघण्यासारखे काही नसते. तरीही अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्याही आधी हीच पद्धत वापरावी, असे सांगितले.

म्हणून तुम्हाला ज्या केंद्राने पॅकेज सुचवले आहे, तिथे पैसे भरण्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचारा. उपचार देणारी व्यक्ती मनोविकारतज्ज्ञ आहे का, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का? त्यांनी तुम्हाला झोपेची नोंदवही ठेवायला सांगितली का? घोरणे, मनाची उदासी, चहा, दुपारची झोप यांविषयी काही विचारले का? दहा बैठकांत सीबीटी-आय कुठे आहे, आणि पाचव्या बैठकीपर्यंत फरक पडला नाही तर उरलेल्या पैशांचे काय? उत्तरे समाधानकारक मिळाली तर तिथे हेडसेट हे एक साधन आहे आणि उपचार माणूस करतो आहे, असे समजायला हरकत नाही. पण पहिल्या फोनवरच किंमत आणि सवलतीची अंतिम तारीख सांगितली गेली असेल, तर तुमच्याकडे असलेल्या हेडसेटमध्ये जे आहे त्याहून फार वेगळे तिथे मिळेल असे मला वाटत नाही.

घरी असलेला हेडसेट टाकून देऊ नका. चौघींच्या खोलीत, जिथे एकीचा दिवा चालू असतो आणि दुसरी फोनवर बोलत असते, तिथे पंधरा मिनिटांचा एकांत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि या बाबतीत हेडसेट डोळ्यांवरच्या पट्टीपेक्षा नक्कीच सरस आहे. फक्त तो झोपेच्या तासभर आधी, कॉटवर न बसता, भिंतीला पाठ टेकून खाली चटईवर बसून वापरा. पडद्याची चमक कमीत कमी ठेवा, खेळ आणि व्हिडिओंकडे वळू नका, आणि पंधरा मिनिटांनी तो बॅगेत ठेवून द्या. जवळजवळ अर्धा किलोचे ते यंत्र लावून झोपी जाण्याचा प्रयत्न करू नका. त्यातली दृश्ये जवळ-दूर भासली तरी भिंगांमुळे डोळ्यांना एकाच ठरावीक अंतरावर नजर स्थिर करावी लागते आणि त्याने काहींना डोकेदुखी किंवा मळमळ होते. अर्धशिशी असेल तर जपून, आणि फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नका. तिथे शिकलेला श्वास, म्हणजे साधारण चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहाच्या आसपास, हळूहळू हेडसेटशिवाय करू लागा. एक आठवडा हेडसेट लावून आणि एक आठवडा न लावता झोपेची वेळ टिपून पाहा. फरक दिसला नाही, तर मावसभावाला वाईट वाटू न देता ते यंत्र खेळण्यासाठी ठेवा.

पडद्याच्या प्रकाशाची चिंता अनेकांना वाटते, तीही प्रमाणात असावी. हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण मंडळींनी झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचन केले, तेव्हा छापील पुस्तक वाचल्याच्या तुलनेत त्यांना झोप सुमारे दहा मिनिटे उशिरा लागली. प्रकाशाने शरीराचे घड्याळ सरकते हे खरेच, पण दहा मिनिटांनी तुमच्या चार तासांचा हिशोब लागत नाही.

मुख्य काम सीबीटी-आयमधलेच आहे, आणि ते असे. पहिला आठवडा काहीही न बदलता वहीत रोज सकाळी चार नोंदी करा : किती वाजता पडले, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठले, दिवसा किती झोपले. रात्री घड्याळ पाहून नोंद करायची नाही. फोन हाताच्या टप्प्याबाहेर, उशाच्या विरुद्ध टोकाला ठेवायचा. समजा, रात्रीची झोप सरासरी सहा तास निघाली, तर पुढच्या आठवड्यापासून अंथरुणातला वेळही तेवढाच ठेवायचा : रात्री एकला पडायचे आणि सकाळी सातला उठायचे, रविवारीही, आणि रात्र कितीही वाईट गेली तरी. एक वाजेपर्यंत जागे राहण्याची परवानगी मिळाल्यावर बहुतेकांना आधी हायसे वाटते आणि चौथ्या दिवशी माझ्यावर राग येतो, कारण सकाळी सातला उठणे जिवावर येते. तिथेच टिकून राहायचे असते. दिवसभर साठलेली झोपेची गरज रात्रीपर्यंत मोडायची नाही, हे या पद्धतीचे गमक आहे. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला पंधरा मिनिटे आधी पडायचे, आणि असे करत साडेबाराच्या किंवा बाराच्या आसपास जिथे गाडी स्थिरावेल तिथे थांबायचे. अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली कधीही आणू नका. या काळात दुचाकी चालवणे टाळा, आणि परीक्षा दोन-तीन आठवड्यांवर आली असेल तर हा प्रयोग परीक्षेनंतर करा. फिट येणे किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी तो स्वतःच्या मनाने करू नये.

दुपारची झोप यात बसत नाही. पहिले काही आठवडे तरी ती बंद ठेवा. जेवणानंतर डुलकी येऊ लागली तर जागेवरून उठून अर्धा तास उभ्याने वाचा किंवा बाहेर एक फेरी मारा. रात्री नऊनंतरचा चहाही बंद, कारण चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सकाळी उठल्यावर मात्र लगेच उजेडात जा. तुमच्या भागातून पर्वती आणि सारसबाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथे जमले नाही तर गच्चीवर अर्धा तास पेपर वाचला तरी चालेल. शरीराचे घड्याळ मागे आणायला सकाळच्या उजेडासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही, आणि गावी तुम्हाला तो आपोआप मिळत असावा.

कॉटचे काय करायचे, यावर पुस्तकांतला सल्ला असा की झोप आली नाही तर दुसऱ्या खोलीत जा. तुम्हाला दुसरी खोली नाही आणि रात्री अकरानंतर जिन्यात बसणे घरमालकांना चालणार नाही, म्हणून थोडी तडजोड सुचवते. सकाळी उठल्यावर गादी गुंडाळून भिंतीला लावा आणि मोकळ्या कॉटवर एक जाड सतरंजी अंथरा; दिवसाचे वाचन, डबा, फोन सगळे त्या सतरंजीवर. रात्री एक वाजता सतरंजी काढून गादी पसरायची आणि तिच्यावर झोपेखेरीज काही करायचे नाही. वीसेक मिनिटे झाली असे वाटले आणि झोप नसेल, तर खाली चटईवर बसून मंद दिव्यात काही हलके वाचा, अभ्यासाचे नको. डोळे जड झाले की परत वर. तुमच्यासारख्या अनेकांना हे करावे लागेल आणि खोलीतल्या मैत्रिणी चार दिवस हसतील. त्यांना आधीच सांगून ठेवले तर कदाचित दिवा बंद करण्याच्या वेळेवरही एकमत होईल.

गोळीबद्दल थोडक्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, आणि मैत्रिणीच्या पाकिटातली तर मुळीच घेऊ नका. झोपेच्या अनेक गोळ्यांची सवय लागते, आणि त्या एकदम थांबवल्या की काही रात्री झोप आधीपेक्षाही बिघडते. मेलाटोनिन, म्हणजे शरीरात रात्री तयार होणाऱ्या संप्रेरकाची गोळी, सहज मिळते म्हणून ते निरुपद्रवी समजले जाते, पण साध्या निद्रानाशावर त्याचा परिणाम माफकच आहे. घड्याळ सरकवायला ते उपयोगी पडू शकते, मात्र तेव्हा ते कोणत्या वेळी घ्यायचे हे तज्ज्ञाने ठरवावे लागते.

राहिली परीक्षेची धास्ती. आदल्या रात्री कमी झोप झाली म्हणून दोन वर्षांचा अभ्यास पुसला जात नाही. लक्ष थोडे कमी लागते, चिडचिड होते, एवढेच. उलट ‘आज झोप आलीच पाहिजे’ या हट्टाने मन जितके ताठ होते, तितकी झोप लांबते. म्हणूनच सीबीटी-आयमध्ये कधी कधी रुग्णाला अंधारात डोळे उघडे ठेवून जागे राहण्याचा प्रयत्न करायला सांगतात, आणि हे ऐकून हसणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होताना दिसतो.

सहा-आठ आठवडे हे प्रामाणिकपणे करूनही फरक पडला नाही, किंवा आधीच पुढीलपैकी काही जाणवत असेल, तर डॉक्टरांना भेटा : झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे, रात्री पायांत अशी अस्वस्थता की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही (तरुण मुलींत लोहाची कमतरता हे त्याचे एक कारण असू शकते), दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, किंवा फार कमी झोपूनही अंगात विलक्षण उत्साह असण्याचे दिवस. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका; केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. वडिलांना झोपेविषयी जरूर सांगा, पैशांचा विषय न काढता सांगा. पोरगी रोज पहाटे तीनपर्यंत जागी असते हे त्यांना नंतर कळले तर अधिक लागेल. आणि तज्ज्ञाला दाखवायचे ठरलेच, तर सुरुवात महागड्या पॅकेजने करण्याची गरज नाही, ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागातही जाता येते. जाताना ती वही बरोबर न्या, कारण झोपेचा उपचार करणारा डॉक्टर पहिल्यांदा त्याच नोंदींविषयी विचारेल.